पाण्यातली स्वागतकमान

"माराबियान प्रांताचा गव्हर्नर कधीही आडवा होत नाही," प्रुदेन्सियो सुमालिनोग यांनी फोन तोंडाशी धरून जाहीर केलं. "वादळ येवो, भूकंप येवो, विरोधक येवोत. तो उभा असतो आणि उभाच राहील."

हे वाक्य त्यांनी उताणं पडून उच्चारलं. सेबू शहरातल्या इस्पितळात डायलिसिसच्या खाटेवर ते होते, डाव्या हातात दोन जाड सुया होत्या आणि उशाशी त्यांचं रक्त एका यंत्रातून गोल फिरून परत येत होतं. फोनचं दुसरं टोक समुद्रापलीकडे, प्रांत कचेरीच्या पटांगणात, ध्वनिक्षेपकाला चिकटपट्टीनं बांधलेलं होतं. सोमवारचं ध्वजवंदन होतं, आणि गव्हर्नरच्या भाषणाशिवाय आमच्याकडे सोमवार सुरू होत नाही.

"उभा राहील" म्हणताना त्यांनी सवयीनं डावा हात उंचावला. यंत्र ओरडू लागलं.

तो आवाज समुद्र ओलांडून पटांगणभर घुमला. कर्मचारी अदबीनं उभे राहिले. भाषणात नवीन काही आलं असावं, असं त्यांना वाटलं. मग पहिल्या रांगेतून एका बाईचा आवाज फोनवर स्वच्छ ऐकू आला.

"कचऱ्याची गाडी मागे येतेय का रे? सरका जरा."

गव्हर्नरांनी फोन बंद केला.

"सर, हात हलवू नका," नर्स सुया तपासत म्हणाली. "तिसऱ्यांदा सांगतेय. भाषण करायचं तर उजव्या हातानं करा."

"ती कोण बोलली ते कळलं ना?" गव्हर्नरांनी पायथ्याशी बसलेल्या ॲटर्नीला विचारलं.

ॲटर्नी एमेतेरियो हे प्रांताचे कायदा अधिकारी. त्यांना कळलं होतं. सगळ्या प्रांताला कळलं असतं. पण त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आवाज व्हाइस-गव्हर्नर मॅडमसारखा होता," ते म्हणाले. "अर्थात यावर दोन मतं असू शकतात."

शेजारची खाट रिकामी होती. एरवी तिच्यावर माराबियानचीच एक सुकी मासळी विकणारी बाई असायची. गव्हर्नर दिसले की पडल्या पडल्या नमस्कार करायची आणि पुढचे चार तास त्यांना सुक्या बांगड्यांचे भाव सांगायची.

"ही आज नाही आली?"

"कशी येणार, सर? शनिवारपासून बोटी बंद आहेत ना. तुम्ही शुक्रवारी रात्री आलात म्हणून निभावलं." नर्सनं त्या खाटेवरची चादर ओढून सारखी केली. "यंत्राशिवाय तीन दिवस निघतात कसेबसे. त्याच्यापुढे अवघड."

गव्हर्नरांनी थोडा वेळ त्या चादरीकडे पाहिलं. मग मधला पडदा ओढून घ्यायला सांगितलं.

आमच्या कायद्यानं गव्हर्नरला पुष्कळ काही दिलं आहे. त्यानं माणसं नेमावीत, अंदाजपत्रक मांडावं, दंगल झाली तर पोलीस बोलवावेत, वादळ आलं तर तांदूळ वाटावा. प्रांताच्या मंडळानं केलेला ठराव त्याला आवडला नाही तर फेटाळावा, आणि अख्खा ठराव फेटाळणं जिवावर आलं तर अंदाजपत्रकातली एखादीच ओळ खोडावी. फक्त एक सुख त्याला नाही. त्याला प्रांताबाहेर फार दिवस राहता येत नाही. तीन दिवस कुणालाही आपल्या जागी बसवून जावं. चौथा दिवस उजाडला आणि गव्हर्नर बाहेरच असला, की त्याची खुर्ची व्हाइस-गव्हर्नरकडे जाते. अर्ज नको, विनंती नको, भरती येते तशी जाते.

आणि व्हाइस-गव्हर्नर गव्हर्नरच्या पसंतीचा नसतो. दोघं वेगवेगळे निवडून येतात. लोक एक मत वरपक्षाला देतात आणि एक वधूपक्षाला, म्हणजे मांडवात कुणाचं मन मोडत नाही. माराबियानमध्ये तर ही गोष्ट अक्षरशः खरी होती. व्हाइस-गव्हर्नर व्हिसिता पालानास या गव्हर्नरांच्या विहीणबाई. त्यांची मुलगी सुमालिनोगांच्या घरात दिली, ती प्रांतात शांतता नांदावी म्हणून. लग्नाच्या दिवशी दोन्हीकडून अख्खं भाजलेलं डुक्कर आलं, पालानासांचं वीतभर लांब निघालं, आणि शांतता जेवणाआधीच संपली. नातवाचा पहिला वाढदिवस दोनदा झाला. दोन्ही वेळा तो झोपला होता.

प्रांताच्या मंडळाच्या अध्यक्ष विहीणबाईच. मागच्या वर्षी त्यांच्या मंडळानं प्रांताच्या इस्पितळासाठी डायलिसिसच्या चार यंत्रांची ओळ अंदाजपत्रकात घातली. यंत्रं यायच्या आधी विहीणबाईंचा हसरा फोटो असलेले फलक आले. गव्हर्नरांनी ती ओळ खोडली, आणि खोडताना सभेत म्हणाले, "माराबियानच्या माणसाला नारळपाणी पुरतं. आमच्या किडन्या मजबूत आहेत." टाळ्या पडल्या होत्या.

किडन्या कुठल्याच पक्षाच्या नसतात. सहा महिन्यांत गव्हर्नरांचे पाय सुजले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा बोट. जाताना ते आपल्या जागी प्रांताच्या जनावरांच्या डॉक्टरांना, डॉ. कास्तोर यांना, नेमून जात. डॉ. कास्तोर निवडणूक लढवणार नाहीत याची त्यांना खात्री होती. ते माणसांशी फारसं बोलतच नसत.

विहीणबाईंनी तोच ठराव पुन्हा मंजूर करून घेतला होता. तो सहीसाठी गव्हर्नरांच्या टेबलावर पडून होता.

"सर, तुम्हीच सही करून टाका," ॲटर्नी एकदा चाचरत म्हणाले होते. "विषय संपेल."

"म्हणजे लोक काय म्हणतील? स्वतःचं दुखल्यावर याला यंत्र सुचलं."

"मग मॅडमना करू द्या कधीतरी."

"म्हणजे म्हणतील, विहिणीनं व्याह्याला जीवदान दिलं. ॲटर्नी, यातलं मरण कुठलं बरं ते तूच सांग."

ॲटर्नींकडे यावरही दोन मतं होती. दोन्ही त्यांनी गिळली.

यंत्र थांबलं, सुया निघाल्या, हाताला जाड पट्टी बसली. गव्हर्नर सूप पीत होते तेवढ्यात डॉ. कास्तोर यांचा फोन आला.

"सर, एक उशी आलीय."

"कसली उशी?"

"जांभळी. झालर आहे. व्हाइस मॅडमच्या घरून पाठवलीय. शिपाई म्हणतो, उद्या सकाळी आठपासून त्या तुमच्या खुर्चीत बसणार. खुर्ची खोलगट आहे, त्यांना टेबलावरचं नीट दिसत नाही म्हणे."

"तू काय केलंस?"

"मी ठेवून घेतली, सर. फार मऊ आहे."

गव्हर्नरांनी सूप बाजूला सारलं. फोन बंद करायचा राहिला.

"आज तिसरा दिवस आहे," ते ॲटर्नीला म्हणाले. "आज माझा पाय प्रांताला लागला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बरोबर?"

"बरोबर. पण मोठ्या बोटी सुरू नाहीत, सर. दोन वादळांच्या मधली नुसती फट आहे ही. उद्या दुपारपासून पुन्हा सगळं बंद."

"कोळी जातायत ना? घरापर्यंत जायला कुणी सांगितलंय? कमानीपर्यंत जाऊ. पाय लावू. परत येऊ."

माराबियानचं सेबूच्या बाजूचं शेवटचं टोक म्हणजे एक वाळूचा दांडा. त्यावर घर नाही, झाड नाही, पाणी नाही. दोन वर्षांपूर्वी गव्हर्नरांनी तिथं एक सिमेंटची स्वागतकमान बांधून घेतली. प्रत्येक प्रांताला वेशीवर कमान असते. आमची वेस समुद्रात होती, हा काही गव्हर्नरांचा दोष नव्हे. कमानीवर लिहिलं होतं, 'माराबियान प्रांतात आपले स्वागत असो', आणि त्याखाली जरा मोठ्या अक्षरांत गव्हर्नरांचं नाव. तिच्याखालून आजवर फक्त खेकडे गेले होते.

नर्स नको म्हणाली, डॉक्टर नको म्हणाले. गव्हर्नरांनी स्वतःच्या जबाबदारीवर जातो म्हणून सही केली. दिवसातली त्यांची ती एकच सही.

दोन्ही बाजूंना बांबूच्या भुजा असलेली कोळ्याची होडी मिळाली. नावाडी नोदोय हा तोंड मिटून बसणारा माणूस होता. गव्हर्नर मधल्या फळीवर, डावा हात छातीशी धरून. ॲटर्नी पुढे वाकून, समुद्राला एकेक करून सकाळपासूनचं सगळं परत देत.

"किती आहे अजून?" गव्हर्नरांनी तासाभरानं विचारलं.

"आलोच," नोदोय म्हणाला. "पण आत्ता भरती आहे."

"मग?"

"मग काही नाही. दांडा खाली असेल. आपण वर."

सूर्य बुडायला आला तेव्हा कमान दिसली. नुसतीच कमान. सगळीकडे शिसवी पाणी आणि मधोमध दोन खांब, वर स्वागत. आणि त्या स्वागताच्या खाली, एका खांबाला दोर बांधून, दुसरी एक होडी. तीत प्लास्टिकच्या खुर्चीवर छत्री धरून व्हिसिता पालानास बसल्या होत्या. मांडीवर केळीच्या पानातला भात आणि सुका मासा होता.

"या, व्याहीबुवा," त्या घास संपवून म्हणाल्या. "भर समुद्रात तुमचं नाव वाचायला मिळालं. बाकी कुठे वाचण्यासारखं राहिलं नाही."

"तुम्ही इथे काय करताय, विहीणबाई?"

"स्वागत. लिहिलंय ना वर."

"तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तुमच्या गुरांच्या डॉक्टरनं. उशीबद्दल आभार मानायला फोन केला होता त्यानं."

गव्हर्नरांनी चपला काढल्या, नोदोयच्या खांद्यावर हात ठेवला आणि होडीच्या कडेवरून पाण्यात उतरले. पाणी कमरेच्या वर आलं. लाट आली तशी छातीला लागली. पट्टीचा डावा हात त्यांनी डोक्याच्या वर धरला, शपथविधीला धरतात तसा, आणि उजव्या हातानं कमानीचा खांब पकडला.

"ॲटर्नी," ते धापा टाकत म्हणाले, "वेळ लिहून घे. गव्हर्नर प्रांतात पोचले."

ॲटर्नींनी होडीतून मान वर केली. त्यांचा रंग हिरवट झाला होता.

"कुठे पोचले?" विहीणबाईंनी विचारलं. "जमीन कुठाय?"

"पायाखाली."

"पायाखाली तर सगळ्यांच्याच जमीन असते. बुडालेल्या माणसाच्यासुद्धा असते. प्रांत म्हणजे जमीन, व्याहीबुवा. हे पाणी आहे. यात मासे राहतात. माशांना मत नाही."

"किनाऱ्यालगतचं पाणीसुद्धा इथलंच असतं."

"ते त्या त्या गावाचं. गावाचा प्रमुख वेगळा. तुम्ही काय त्याच्या जागेवर डोळा ठेवलाय आता?"

"कमान तरी प्रांताची आहे की नाही?" गव्हर्नरांचा आवाज चढला, आणि चढताच फाटला. ते खोकले. "प्रांताच्या पैशांनी बांधलीय. तुमच्याच मंडळानं मंजूर केलीय. मी प्रांताच्या मालमत्तेला धरून उभा आहे. ॲटर्नी, मी कुठे आहे ते सांग यांना."

"सर," ॲटर्नी क्षीणपणे म्हणाले, "यावर दोन मतं..."

"एकच सांग, नाहीतर तुलाही उतरवीन."

"प्रांतात आहात, सर."

विहीणबाईंनी हात धुतले. पदराला पुसावेत तसे स्कर्टला पुसले. छत्री मिटली. आता त्या भांडतील, म्हणून गव्हर्नरांनी खांबावरची पकड घट्ट केली. खांबाला शिंपले चिकटले होते. तळहात कापला होता, पण ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"ठीक आहे," विहीणबाई म्हणाल्या. "मला मान्य आहे. तुम्ही प्रांतात आहात. मी स्वतः पाहिलं. हवं तर लिहून देते. चौथा दिवस रद्द."

लाट आली आणि गेली. नोदोयनं होडी खांबापासून जरा दूर ढकलली.

"मग झालं तर," गव्हर्नर म्हणाले.

"झालं. आता चला घरी. माझ्या होडीत जागा आहे. उद्या दुपारपासून सगळं बंद होतंय. किती दिवस ते वरच्यालाच ठाऊक. तुम्ही प्रांतात, मी प्रांतात. तुम्ही तुमच्या खुर्चीत बसा. माझी उशी मी घेऊन जाईन."

त्या हे सगळं अगदी साध्या आवाजात बोलल्या, बाजारात भाव पटल्यावर बोलावं तसं.

गव्हर्नरांनी माराबियानच्या दिशेला पाहिलं. तिकडे दिवे लागायला सुरुवात झाली होती. मग मान वळवून सेबूकडे पाहिलं. मधल्या पाण्यात ते एकटे उभे होते, आणि डोक्यावर त्यांचं नाव होतं.

"पुढचं कधी आहे?" विहीणबाईंनी विचारलं.

"बुधवारी."

"बुधवारी बोट नाही."

"माहितीये मला."

"शुक्रवारीही नसेल."

"माहितीये म्हटलं ना."

"मग या की. तुम्ही जिंकलात. चर्चमधल्या पुढच्या मोठ्या प्रार्थनेला शाळेतल्या मुलांना सांगायला बरं आहे. आमचे गव्हर्नर एकही दिवस प्रांत सोडून गेले नाहीत. फोटो मीच लावेन कचेरीत. चांगला, रंगीत. हार माझ्याकडून."

ॲटर्नींनी पुन्हा समुद्राकडे तोंड वळवलं. या वेळी पोटात काही उरलं नव्हतं, तरीही.

गव्हर्नरांचा वर धरलेला हात पाण्याकडे झुकू लागला होता. त्याला उजव्या हातानं आधार द्यावा म्हणून त्यांनी खांब सोडला. लाटेनं त्यांना पाऊलभर ढकललं. नोदोयनं वाकून त्यांची काख धरली आणि एका हिसक्यात त्यांना होडीत घेतलं. जाळीतून मासा घ्यावा इतक्या सहज. बराच वेळ ते फळीवर आडवे पडून होते. सदऱ्यातून पाणी निथळत होतं.

"कुठे?" नोदोयनं विचारलं.

विहीणबाईंचा माणूस खांबाचा दोर सोडत होता.

"सेबू," गव्हर्नर म्हणाले. "आणि ॲटर्नी, मी प्रांतात पोचल्याची ती वेळ खोडून टाक."

विहीणबाईंनी छत्री पुन्हा उघडली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता.

"मग उद्या आठ वाजता मी बसते," त्या म्हणाल्या. "बसल्या बसल्या पहिली सही कशावर करीन, ते तुम्हाला सांगायला नको."

"फलक छापून तयारच असतील तुमचे."

"मागचेच आहेत. पुसून घेतले."

"फोटो जुना आहे त्यात. दहा वर्षांपूर्वीचा."

"तुमच्या भाषणापेक्षा नवा आहे."

नोदोयनं होडीचं तोंड वळवलं. दोन होड्यांमध्ये पाणी वाढत गेलं. ॲटर्नींनी स्वतःचा कोट काढून गव्हर्नरांच्या अंगावर टाकला. गव्हर्नर कोपरावर उठून बसले.

"विहीणबाई," त्यांनी हाक मारली.

"काय?"

"यंत्रं कधी येतील?"

"सही झाली की दोन महिने. कमान बांधण्यापेक्षा जलद."

ते काहीतरी कठोर बोलणार, म्हणून विहीणबाई वाट पाहत थांबल्या. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. पण गव्हर्नरांनी कोट गळ्यापर्यंत ओढला, आणि पाण्यावरून ऐकू जाईल इतपतच आवाज केला.

"चार खाटा लावाल तेव्हा," ते म्हणाले, "मला एसीखालची देऊ नका. चार तास थंडी वाजते."